मैदान कुणाचं?

५ डिसेंबर २०२१ या दिवशी लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंडच्या महिला एफ. ए. कपचा अंतिम सामना झाला. समोरासमोर होते आर्सेनल आणि चेल्सी, दोन्ही लंडनचेच आणि एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी. त्याआधी याच मैदानावर, याच कपासाठी, २०१६ मध्ये आर्सेनल जिंकलं होतं आणि २०१८ मध्ये चेल्सी. या वेळी तिसऱ्याच मिनिटाला चेल्सीच्या फ्रॅन कर्बीने गोल केला, उत्तरार्धात सॅम करने आणखी दोन केले, आणि चेल्सीने ३-० असा कप जिंकला. प्रेक्षक होते ४०,९४२. कोविडमुळे रखडलेली २०२०-२१ ची स्पर्धा अशी पुढच्या मोसमात जाऊन संपली.

मैत्रिणींनो, तुम्ही म्हणाल की बलात्काराचे खटले, पोटगी, रेशन, बचतगटांची कर्जं हे सगळं सोडून आपल्या त्रैमासिकात लंडनच्या फुटबॉलचं काय काम? काम आहे ते त्या तारखेमुळे. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, ५ डिसेंबर १९२१ ला, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने एक ठराव करून आपल्या सदस्य क्लबांना सांगितलं होतं की बायकांच्या सामन्यांना तुमची मैदानं देऊ नका. ज्या कपासाठी हा सामना झाला, त्या कपावर नाव आहे ते याच असोसिएशनचं. बायकांना मैदानाबाहेर काढणाऱ्या संस्थेने शंभर वर्षांनी आपल्याच नावाचा करंडक त्यांच्या हातात दिला. या शंभर वर्षांत काय घडलं आणि ते आपल्याला का ठाऊक असायला हवं, ते सांगण्यासाठी हा लेख.

कारखान्यातल्या मुली

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधले पुरुष आघाडीवर गेले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत लाखो बायका कामाला लागल्या. काम जोखमीचं होतं. विषारी रसायनं हाताळून कित्येकींची कातडी पिवळी पडत असे, स्फोटांत कित्येकी मेल्या. जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या आवारात या मुली चेंडू खेळू लागल्या. पुढे कारखान्याकारखान्यांत संघ झाले आणि सामने ठरू लागले. ईशान्य इंग्लंडमध्ये तर १९१७-१८ मध्ये या कामगार मुलींची कपस्पर्धाच भरली होती. १९१८ च्या मे महिन्यात तिचा अंतिम सामना पुन्हा खेळवावा लागला आणि ब्लाइथ स्पार्टन्सच्या मुलींनी तो ५-० ने जिंकला. म्हणजे बायकांच्या कप-फायनलची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. मधली पानं फाडली गेली, म्हणून ती नवी वाटते.

सगळ्यांत गाजलेला संघ प्रेस्टन गावच्या डिक, कर आणि कंपनी या कारखान्याचा. १९१७ च्या नाताळच्या दिवशी गावातल्या डीपडेल मैदानावर त्यांचा पहिला मोठा सामना झाला. दहा हजार लोक आले आणि जमलेले पैसे जखमी सैनिकांच्या इस्पितळाला गेले. तीन वर्षांनी, २६ डिसेंबर १९२० ला, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर याच संघाचा सेंट हेलेन्सच्या मुलींशी सामना झाला. आत ५३,००० प्रेक्षक होते आणि आणखी हजारो लोक जागा नाही म्हणून बाहेर राहिले. मदतनिधीला ३,११५ पौंड मिळाले. मंडळी कुतूहल म्हणून एकदा आली आणि पुन्हा फिरकली नाही, असं झालं नव्हतं. १९२१ च्या एका वर्षात या संघाने साठांहून जास्त सामने खेळले, आणि देशभरात बायकांचे सुमारे दीडशे संघ होते.

लिली पार ही याच संघातली. सेंट हेलेन्सच्या कामगार कुटुंबातली, १९०५ मध्ये जन्मलेली. संघात आली तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची पोर होती. उंच, धिप्पाड, आणि डाव्या पायात असा जोर की भल्याभल्या गोलकीपरांनी धसका घ्यावा. आपल्याकडे चौदाव्या वर्षी मुलीला "आता मोठी झालीस, बाहेर हुंदडू नकोस" असं सांगतात. त्या वयात ती हजारोंच्या गर्दीसमोर खेळत होती.

तीन कारणं, एक कारण

असोसिएशनच्या ठरावात कारणं दिली होती. ती नीट वाचण्यासारखी आहेत, कारण आपल्या कामात ती आपल्याला रोज भेटतात.

पहिलं कारण शरीराचं. फुटबॉल बायकांना मानवणारा खेळ नाही, त्याला उत्तेजन देऊ नये, असं ठरावात म्हटलं होतं. डॉक्टरांची मतंही गोळा झाली होती, आणि बाईचं शरीर असा धसमुसळेपणा सोसू शकत नाही असं सांगणाऱ्यांत एक स्त्री डॉक्टरही होती. ज्या बायकांनी चार वर्षं तोफगोळे उचलले, स्फोटकं भरली, त्यांच्याबद्दल ही काळजी! युद्ध चालू असताना या शरीरांची चिंता कुणाला वाटली नाही. बाईचं शरीर कामाला कणखर आणि खेळाला नाजूक असतं, हा शोध तिकडचा तसाच इकडचाही. डोक्यावर दोन हंडे घेऊन दीड मैल चालणारी मुलगी धावली की तिच्या गर्भाशयाची काळजी सुरू होते.

दुसरं कारण पैशाचं. सामन्यांचं उत्पन्न धर्मादाय कामाला पुरेसं जात नाही, खर्चातच जास्त जातं, असा ठपका होता. खेळणाऱ्या मुली कामगार होत्या, त्यांचा रोज बुडत असे, प्रवासखर्च असे, त्यापोटी थोडे पैसे दिले तर बिघडलं काय? पण हिशेब मागायचा तो बायकांकडे. पुरुषांचे क्लब त्या काळात उघड व्यावसायिक होते, खेळाडू पगारी होते, त्याला कुणाचा आक्षेप नव्हता. बचतगटाच्या वहीत सात रुपयांची खाडाखोड सापडली तर गावभर चर्चा, आणि उत्सव मंडळाच्या लाखोंच्या वर्गणीचा कागद कुणी विचारत नाही, हे तुम्हीआम्ही पाहिलेलंच आहे. बायकांनी काही उभं केलं की त्यावरचा पहिला हल्ला चारित्र्यावर आणि दुसरा हिशेबावर होतो.

तिसरं कारण ठरावात लिहिलेलं नव्हतं. युद्ध संपलं होतं. पुरुष परतले होते आणि १९१९ मध्ये कायदाच झाला होता की युद्धाआधीच्या कामाच्या पद्धती पुन्हा लागू करायच्या. म्हणजे कारखान्यातल्या बायकांनी घरी जायचं. कारखाना रिकामा करून घेतला तसं मैदानही रिकामं करून घेतलं. त्यातच १९२१ च्या उन्हाळ्यात कोळसाखाणींच्या मालकांनी टाळेबंदी केली, तेव्हा बायकांच्या संघांनी खाणकामगारांच्या उपाशी कुटुंबांसाठी सामने खेळले. सैनिकांच्या इस्पितळासाठी खेळणाऱ्या मुली सगळ्यांना आवडत होत्या, संपातल्या घरांसाठी खेळणाऱ्या मुली काहींना खुपू लागल्या, असं काही अभ्यासक मांडतात. पुरुषांच्या क्लबांना गर्दी वाटली जाण्याची भीती होती, हेही उघड आहे.

या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते. बायकांनी मैदान भरवलं होतं, स्वतःच्या नावावर भरवलं होतं, आणि त्याच्या पैशाचं काय करायचं हे ठरवण्यात त्यांचाही वाटा होता.

बंदी कशावर होती?

बारकाईने पाहिलं तर असोसिएशनने बायकांना खेळू नका असं म्हटलं नव्हतं. तसा तिला अधिकारही नव्हता. तिने मैदान काढून घेतलं, आणि सदस्य पंच मिळणार नाहीत अशी व्यवस्था केली. बाकी सगळं आपोआप झालं. मोठं मैदान नाही म्हणजे प्रेक्षक नाहीत. प्रेक्षक नाहीत म्हणजे तिकीट नाही. तिकीट नाही म्हणजे प्रवासाला पैसे नाहीत. मोठा सामनाच नाही, म्हणून वर्तमानपत्रात नाव नाही, आणि वर्तमानपत्रात नाव नाही म्हणून पुढच्या पिढीतल्या मुलींना कळतच नाही की आपल्या आज्या खेळायच्या.

डिक, कर संघ मात्र थांबला नाही. १९२२ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे पुरुषांच्या संघांशी खेळल्या. परत येऊन रग्बीच्या मैदानांवर, उद्यानांत, मिळेल तिथे खेळत राहिल्या. पुढे संघाचं नाव प्रेस्टन लेडीज झालं. लिली पार १९५१ पर्यंत खेळली. पोटापाण्यासाठी ती मनोरुग्णांच्या इस्पितळात परिचारिका होती. संघ १९६५ मध्ये बंद पडला, कारण नव्या मुली मिळेनात. लिली १९७८ मध्ये वारली. इंग्लिश फुटबॉलच्या सन्मान-दालनात २००२ मध्ये तिचं नाव गेलं, ते पहिल्या स्त्रीचं नाव. २०१९ मध्ये मँचेस्टरच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयात तिचा पुतळा उभा राहिला. पुतळे आपल्याकडेही उशिरा उभे राहतात.

आणि हे एकट्या इंग्लंडचं नाही. ब्राझीलमध्ये १९४१ पासून १९७९ पर्यंत बायकांच्या फुटबॉलला सरकारी बंदी होती. पश्चिम जर्मनीच्या फुटबॉल संघटनेने १९५५ ते १९७० बंदी ठेवली. त्याच देशाच्या मुलींनी १९८९ मध्ये युरोपचं अजिंक्यपद मिळवलं, तेव्हा संघटनेने प्रत्येकीला बक्षीस म्हणून चिनीमातीचा कॉफीचा सेट दिला! जिंकलात ना, आता घरी जाऊन कॉफी करा.

परतीची वाट

इंग्लंडमध्ये १९६९ मध्ये बायकांनी स्वतःची संघटना उभी केली. पुढच्या वर्षी, १९७० मध्ये, बंदी उठली. ९ मे १९७१ ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्यांच्या कपाचा पहिला अंतिम सामना झाला आणि साउदॅम्प्टनच्या संघाने स्कॉटलंडच्या संघाला ४-१ ने हरवलं. पुरुषांचा एफ. ए. कप १८७१-७२ मध्ये सुरू झाला होता. म्हणजे एकाच देशात, एकाच खेळात, भावाला बहिणीच्या शंभर वर्षं आधी कप मिळाला, आणि त्या शंभरांतली सुमारे पन्नास वर्षं बहिणीला मैदान बंद होतं. आज जेव्हा लोक म्हणतात की बायकांच्या खेळाला पुरुषांइतका दर्जा नाही, प्रेक्षक नाहीत, तेव्हा त्यांना ही पन्नास वर्षं मोजायला सांगितली पाहिजेत.

बायकांची संघटना स्वयंसेवी होती, बहुतेक काम बिनपैशाचं. १९९३ मध्ये फुटबॉल असोसिएशनने कारभार आपल्याकडे घेतला. १९२१ च्या बंदीबद्दल असोसिएशनने माफी मागितली ती २००८ मध्ये. वेम्बलीवर बायकांचा कपाचा अंतिम सामना पहिल्यांदा झाला २०१५ मध्ये. मधल्या काळात या खेळाडू कशा जगत होत्या याचं एक उदाहरण पुरे. आर्सेनलची ॲलेक्स स्कॉट पुढे इंग्लंडकडून शंभराहून जास्त सामने खेळली. तिच्या गोलाने आर्सेनलने २००७ मध्ये युरोपियन कप जिंकला. तीच ॲलेक्स स्कॉट आर्सेनलच्या धुलाईखान्यात कामाला होती आणि पुरुष संघाचे मळलेले कपडे धूत होती. अशा कहाण्या आपल्याकडे "जिद्द" म्हणून छापल्या जातात. मला त्यात जिद्दीबरोबर श्रमविभागणीही दिसते. एकच क्लब, एकच खेळ, आणि तरी धुणं बाईकडे.

२०२१ च्या त्या शतकदिनाच्या सामन्याचंही असंच. विजेत्या चेल्सीच्या मुलींना बक्षीस होतं २५,००० पौंड. त्याच वर्षी पुरुषांचा कप जिंकणाऱ्या लेस्टर संघाला मिळाले १८ लाख पौंड. बहात्तर पट! यावर बोभाटा झाला, आणि २०२२ मध्ये असोसिएशनने जाहीर केलं की बायकांच्या कपाची एकूण बक्षिसाची रक्कम वर्षाला सुमारे ४ लाख पौंडांवरून ३० लाखांवर नेऊ. हे आपोआप झालेलं नाही. लुईस नावाच्या एका छोट्या गावच्या क्लबने २०१७ पासून आपल्या पुरुष आणि स्त्री संघांना सारखाच निधी दिला होता आणि कपाची बक्षिसं समान करा म्हणून मोहीम चालवली होती. मोठ्या क्लबांना जे परवडत नव्हतं, ते या छोट्या क्लबाने करून दाखवलं.

२०२३ च्या अंतिम सामन्याला वेम्बलीवर ७७,३९० प्रेक्षक आले. "बायकांचा खेळ बघतं कोण?" हा प्रश्न १९२० मध्ये ५३,००० लोकांनी निकालात काढला होता. तो पुन्हा निकालात काढायला शंभर वर्षं लागली.

आपल्यातलाच एक आक्षेप

हे सगळं एका बैठकीत मांडलं तेव्हा एक ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणाल्या, "अगं, पण हा तर बाजार आहे. क्लब अब्जाधीशांचे, अंगावर कंपन्यांची नावं, आणि मुलींनी आता पुरुषांच्याच टोळ्यांचे रंग घालून भांडायचं. यात मुक्ती कसली?"

आक्षेप खोडून टाकण्यासारखा नाही. १९२० च्या मुली आपल्या कारखान्याच्या नावाने खेळत होत्या आणि पैसा इस्पितळांना, उपाशी घरांना जात होता. २०२१ च्या खेळाडू चांगल्या पगारी आहेत, पण क्लबाची सत्ता त्यांच्या हातात नाही. चेल्सीची त्या वेळची प्रशिक्षक एम्मा हेझ ही स्त्री होती, पण क्लबाचा मालक त्या वेळी एक रशियन धनाढ्य होता. बायकांची स्वतःची संघटना विलीन झाल्यावर पैसा आणि साधनं आली, पण निर्णय मोठ्या घराच्या दिवाणखान्यात गेले. आपल्या चळवळीतही हे झालंय. फंडिंग आलं, कार्यालय आलं, आणि रात्री बारापर्यंत सतरंजीवर बसून चालणाऱ्या बैठका गेल्या.

तरी मला त्या ताईंचं म्हणणं अर्धंच पटतं. बाजार वाईट म्हणून बायकांनी बाहेर राहायचं, हा सल्ला बाजारात आधीच बसलेल्या पुरुषांना कुणी देत नाही. कारखान्यात शोषण होतं म्हणून बाईने नोकरी करू नये, असं आपण कधी म्हटलं नाही. आपण म्हटलं की नोकरी कर, आणि युनियन कर. मैदानाबद्दलही तेच म्हणावं लागेल. आधी आत जायचं, आणि गेल्यावर समितीत कोण, तिकिटाचे पैसे कुठे, बक्षीस किती हे विचारत राहायचं.

दुसरी गोष्ट प्रतिस्पर्ध्यांची. आर्सेनल-चेल्सी वैर काय असतं हे समजायला आपल्याला लंडनला जायला नको. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना असला की पेठा कशा पेटतात, हे पश्चिम महाराष्ट्रातल्या मैत्रिणींना माहीत आहे. हे संघ तालमींतून आणि तरुण मंडळांतून उभे राहिले आणि तालीम ही जुनी पुरुषांची जागा. त्या पेठेत बाई स्वयंपाक करते, मुलाचे बूट धुते, त्याच्या दुखऱ्या पायाला हळद लावते, पण पेठेचा अभिमान तिच्या नावावर चढत नाही. गावाचा, पेठेचा, संघाचा मान मुलीच्या पायाने राखला जाऊ शकतो, हे वेम्बलीवर दिसलं. आपल्याकडे मुलीच्या पायाने मान जातो एवढंच ऐकायची सवय आहे. म्हणून मला हे वैर क्षुद्र वाटत नाही. ईर्ष्येने खेळावं, हरल्यावर रडावं, जिंकल्यावर ओरडावं, हा हक्कही मुलींना मिळालेला नाही.

इथे बंदी नव्हती, तरी

भारतात मुलींच्या फुटबॉलवर असा ठराव कुणी केला नाही. उलट सुरुवात चांगली होती. १९७५ मध्ये भारतीय महिला फुटबॉल महासंघ स्थापन झाला. कालिकतला झालेल्या आशियाई स्पर्धेत आणि पुन्हा १९८३ मध्ये भारताच्या मुली उपविजेत्या होत्या. १९८३ मध्येच शांती मल्लिकला अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे कारभार अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे गेला. पुरुषांची राष्ट्रीय लीग सुरू झाली १९९६ मध्ये आणि मुलींची २०१६-१७ मध्ये. वीस वर्षं! बंदी न घालताही पिढी कशी गाळता येते याचा हा धडा आहे.

२०२२ च्या जानेवारीत महिलांची आशियाई कपस्पर्धा मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाली. ज्या सॅम करने वेम्बलीवर दोन गोल केले होते, ती महिन्या-दीड महिन्यात आपल्या महाराष्ट्रात येऊन ऑस्ट्रेलियाकडून खेळली आणि स्पर्धेत सर्वांत जास्त गोल तिचेच झाले. तिचे वडील मूळ कलकत्त्याचे, आजी बंगालकडून बास्केटबॉल खेळलेली. यजमान भारताच्या मुली मात्र एकच सामना खेळू शकल्या. संघात कोविड पसरला, पुरेशा खेळाडू उभ्या राहू शकल्या नाहीत आणि संघ स्पर्धेबाहेर गेला. वर्षानुवर्षं वाट पाहिलेली घरची स्पर्धा अशी हातातून गेली. त्याच संघाने जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच देशात २-१ ने हरवून पुढच्या आशियाई कपात जागा मिळवली. आपल्यापैकी किती जणींना ही बातमी कळली?

मी गेली दहा-बारा वर्षं वस्त्यांमधल्या किशोरी मुलींच्या गटांबरोबर काम करते. आरोग्य, शिक्षण, लवकर लग्न हे विषय आम्ही घेतो. एका गटाच्या मुलींनी मागणी केली ती मात्र चेंडूची. चेंडू आणणं सोपं होतं. अवघड होतं ते मैदान. वस्तीजवळच्या सार्वजनिक मैदानावर पहाटेपासून रात्रीपर्यंत मुलगे. आम्ही आठवड्यातून तीन दिवस दीड तास मागितला. व्यवस्था बघणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, "मुली येतात कुठे मैदानावर? आधी येऊ द्या, मग वेळ देऊ." मुली येत नाहीत म्हणून वेळ नाही, आणि वेळ नाही म्हणून मुली येत नाहीत. १९२१ च्या ठरावाला निदान तारीख होती, सह्या होत्या, पुढे कुणीतरी माफी तरी मागितली. या नकाराचा कागदच नाही, तर माफी कोण मागणार?

आणि मैदान मिळालं तरी पुरत नाही, हेही तिथेच कळलं. खेळायची वेळ तीच नळाला पाणी यायची वेळ. धाकट्या भावाला कडेवर घेऊन आलेली मुलगी गोलपोस्टजवळ त्याला बसवून खेळते. मैदानाला मुतारी आहे, ती पुरुषांची. पाळीच्या दिवसांत चार-पाच जणी गैरहजर. कठड्यावर बसलेली पोरं शेरे मारतात, ते कुणाच्या तरी काकाच्या कानावर जातं, आणि दुसऱ्या दिवशी ती मुलगी येत नाही. नववीत गेलेली आमची सगळ्यांत चपळ खेळाडू अशीच गेली. तिला कुणी मारलं नाही, कोंडलं नाही. "आता बास झालं" एवढंच आईने सांगितलं. त्या आईला दोष देऊन मी मोकळी होऊ शकत नाही. संध्याकाळी सातला अंधाऱ्या रस्त्याने मुलगी परत येणार, याची जबाबदारी त्या आईशिवाय दुसऱ्या कुणी घेतलेली नव्हती.

काय करायचं?

खेळाने हुंडाबळी थांबत नाहीत, हे मला माहीत आहे. पण ज्या मुलीने चारचौघांत ओरडून "पास दे" म्हटलंय, जी पडून खरचटून पुन्हा उठली आहे, जिला आपल्या शरीराचा उपयोग स्वतःसाठी करता येतो हे कळलंय, ती घरात आवाज काढायला थोडी लवकर शिकते. हे मी गटांमध्ये पाहिलंय. आणि हा फायदा नसता तरी मागणी तीच राहिली असती. मुलांना मैदान देताना त्याचे सामाजिक फायदे कुणी सिद्ध करायला लावत नाही.

म्हणून संघटनांनी आपल्या कार्यक्रमपत्रिकेत काही साध्या गोष्टी घ्याव्यात. आपल्या गावातल्या, वॉर्डातल्या सार्वजनिक मैदानाचं वेळापत्रक लेखी मागावं. वेळापत्रक नसेल तर करायला लावावं, आणि त्यात मुलींची राखीव वेळ घालून घ्यावी, ती दुपारी दोनची नको, संध्याकाळची हवी. मैदानावर बायकांसाठी पाणी आणि संडास असल्याशिवाय त्याच्या सुशोभनावर खर्च होऊ देऊ नये. रस्त्यावरचे दिवे हा मुलींच्या खेळाचाच प्रश्न समजावा. ग्रामपंचायत आणि नगरपालिका खेळावर किती खर्च करते आणि त्यातला किती मुलींवर, हे माहितीच्या अधिकारात विचारावं. शाळेत मुलींचा खेळाचा तास गणिताला किंवा रांगोळीला दिला जातो का, ते पालकसभेत विचारावं. स्पर्धेच्या, मैदानाच्या समित्यांवर बायका असाव्यात, आणि त्या नुसत्या बक्षीस-समारंभाला ओवाळायला नसाव्यात.

आमच्या गटाला पुढे आठवड्यातून दोन संध्याकाळी मिळाल्या, त्याही सहा महिने अर्ज-विनंत्या, आयांची सही-मोहीम आणि एक दिवस मैदानातच जाऊन बसल्यावर. आता काही आया कठड्यावर बसतात. ज्या जागेवरून शेरे यायचे, तिथे आता भाजी निवडत बायका बसलेल्या असतात आणि गोल झाला की ओरडतात. हा बंदोबस्त त्यांनी स्वतःच शोधून काढला, आम्ही सुचवला नव्हता. ज्या भागात मैत्रिणी अशा वेळा मिळवतील, त्यांनी अर्जाचा नमुना आणि आलेलं उत्तर, नकार असला तरी, या त्रैमासिकाकडे जरूर पाठवावं. नकाराचा कागद एकदा हातात आला की त्यावर भांडता येतं.